आई-बाबांचं दुखणं : पहिला प्रश्न, ‘कधीपासून?’

‘आई हल्ली फार विसरते.’ ‘बाबांचा तोल जातो.’ ‘दोघांचंही खाणं कमी झालंय.’ डॉक्टरांसमोर बसून आपण अशी वाक्यं सांगतो आणि ती खरीच असतात. पण निदानाला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती त्यांत नसते. हे कधीपासून होतंय? परवापासून, दिवाळीपासून, की दोन-तीन वर्षांपासून? या तीन उत्तरांमागे सहसा तीन वेगळ्या जातीचे आजार असतात. पहिल्यासाठी आजच दवाखाना गाठावा लागतो, तिसऱ्यासाठी घाई करून फारसं काही हाती लागत नाही.

तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप चढतो, खोकला येतो, छातीत दुखतं. ऐंशीच्या आजींना तोच न्यूमोनिया झाला की ताप नाममात्र असतो, खोकला जवळपास नसतो. त्या जेवायला नको म्हणतात, अंथरूण धरतात आणि संध्याकाळी लेकीलाच ‘तू कोण गं?’ विचारतात. वयानुसार रोगप्रतिकारशक्तीचा जोर ओसरतो, म्हणून ताप पुरेसा चढत नाही. आणि शरीरावर ताण आला की ज्या अवयवाची शिल्लक ताकद सर्वांत कमी, तो आधी मान टाकतो. म्हातारपणी तो बहुधा मेंदू असतो, मग बिघाड फुप्फुसात का असेना. ब्रिटिश वृद्धरोगतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स यांनी अशा चार गोष्टींना वृद्धत्वातले ‘महाकाय’ म्हटलं होतं : हालचाल थांबणं, तोल जाऊन पडणं, लघवीवरचा ताबा जाणं आणि बुद्धीचा गोंधळ. दुखणं कुठल्याही अवयवाचं असो, ते या चारांपैकी एकाचं रूप घेऊन समोर येऊ शकतं. त्यामुळे लक्षणावरून अवयव ओळखायला गेलं की फसगत होते. बदल किती वेगाने झाला, यावरून जास्त कळतं.

तासांत किंवा दिवसांत झालेला बदल

रविवारी पेपरातलं शब्दकोडं सोडवणारे बाबा बुधवारी असंबद्ध बोलायला लागले, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश तीन दिवसांत येत नाही. या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरात हसण्यावारी नेली जाणारी आणि त्यातून जिवावर बेतणारी ही अवस्था आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

डिलिरियमची खूण विसरणं ही नसून लक्ष न टिकणं ही आहे. तुम्ही बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर जाते, वाक्य अर्ध्यावर सुटतं. घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते : आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार असं नेहमी सहज म्हणू शकणारा माणूस दोन वारांनंतर अडकला, तर तो गोंधळलेला आहे. दुसरी खूण म्हणजे चढउतार. सकाळी ठीक वाटतात, तिन्हीसांजेला भिंतीवर मुंग्या दिसू लागतात, रात्रभर जागरण, सकाळी पुन्हा बरं. त्यामुळे दुपारी भेटायला आलेला भाऊ म्हणतो, ‘काही नाही झालेलं, तुम्ही उगाच घाबरता.’

आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. दुसरा प्रकार मुकाट असतो. माणूस नुसता झोपून राहतो, विचारलं तर हं म्हणतो, हातातला घास तोंडापर्यंत न्यायला विसरतो. घरच्यांना वाटतं, थकवा आहे, झोपू द्या. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो निसटतो.

कारण शोधताना पहिली दोन मिनिटं ग्लुकोमीटरला द्या. मधुमेहाच्या काही गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड) आणि इन्सुलिन रक्तातली साखर खूप खाली आणू शकतात. एकादशीचा उपवास केला, पण गोळी नेहमीची घेतली, असं आपल्याकडे सर्रास घडतं. साखर ७०च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर आधी साखरपाणी द्या, चर्चा नंतर.

त्यानंतर सोडियम. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ असायला हवं. वृद्धांमध्ये ते घसरण्याचं प्रमाण मोठं आहे आणि त्याची कारणं बऱ्याचदा औषधांच्या डब्यातच सापडतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असतो (हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर नावापुढे बऱ्याचदा ‘एच’ लिहिलेलं असतं, क्लोरथॅलिडोन, इंडापमाइड याच कुळातले). नैराश्यासाठीची एस्सिटॅलोप्रामसारखी गोळीही सोडियम खाली आणते. त्यात कुणीतरी अळणी जेवण सुरू केलेलं असतं, दोन दिवस जुलाब होतात, आणि सोडियम १२०वर येतं. सुस्ती, मळमळ, अडखळती चाल, मग भ्रम आणि क्वचित फिट. इथे घरी मीठपाणी पाजत बसू नये. सोडियम फार झपाट्याने वर नेलं तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते रुग्णालयात मोजूनमापून वाढवतात.

तुंबलेली लघवी आणि चार दिवसांचं बद्धकोष्ठ ही कारणं इतकी साधी आहेत की कुणी विचारतच नाही. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी घेतली, की तिच्यातलं क्लोरफेनिरामिन एकाच वेळी लघवी अडवतं आणि डोकंही भरकटवतं. याउलट लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणजे गोंधळाचं कारण सापडलं, असंही नाही. वयस्कर स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडणं नेहमीचं आहे. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं असं काही नसताना केवळ त्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू झालं, तर खरं कारण तसंच राहून जातं.

हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येतो, विशेषतः जुना मधुमेह असेल तर. अचानक दम लागणं, गार घाम, घाबरंघुबरं होणं, उलटी, किंवा एकाएकी गळून जाणं एवढंच दिसतं. ‘गॅस झालाय’ म्हणून रात्र काढण्यापेक्षा ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर पुन्हा करू म्हणाले तर थांबावं. चेहरा एका बाजूला झुकला, एक हात खाली पडतोय, बोबडं बोलणं सुरू झालं, तर अर्धांगवायूची शंका घ्या. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ सहसा साडेचार तासांची असते, आणि ती मोजतात ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ तिथून. झोपेतून उठताना लक्षणं दिसली, तर घड्याळ रात्री झोपले तेव्हापासून सुरू झालेलं असतं. म्हणून ती वेळ कागदावर लिहून घ्या, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच जा.

डिलिरियम उतरायला वेळ लागतो. सोडियम किंवा जंतुसंसर्ग आटोक्यात आला तरी डोकं पूर्ण ताळ्यावर यायला आठवडे लागू शकतात. रुग्णालयातल्या कॉटवर घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीवरून कायमचं निदान करू नये. ती चाचणी माणूस घरी स्थिरावल्यावर पुन्हा घ्यावी.

आठवड्यांत, महिन्यांत झालेला बदल

बरे होऊ शकणारे सर्वाधिक आजार या टप्प्यात असतात, आणि ‘वय झालं’ हे वाक्यही इथेच सर्वांत जास्त ऐकू येतं.

बी-१२ची कमतरता घ्या. शाकाहारी जेवण, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं चालू असलेलं मेटफॉर्मिन, रोज सकाळी पित्ताची पँटोप्राझोल. ही तिन्ही कारणं एकाच माणसात असणारी घरं आपल्याकडे असंख्य आहेत. तक्रार ‘पायाला मुंग्या येतात’ अशी असते. नीट विचारलं तर आणखी दोन गोष्टी निघतात : चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, आणि तोंड धुताना डोळे मिटले की बेसिनशी तोल जातो. पायांकडून मेंदूकडे जाणारी ‘मी कुठे आहे’ ही खबर मंदावलेली असते, ती उणीव डोळे भरून काढत असतात, आणि डोळे मिटताच उघडी पडते. हिमोग्लोबिन उत्तम असूनही हे होऊ शकतं. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बरंच भरून येतं, फार उशीर झाला तर येत नाही.

थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्तावतो, थंडी सोसत नाही, आवाज जाडसर होतो, विसरणं वाढतं. टीएसएच ही एकच तपासणी पहिल्या पायरीला पुरते.

डोक्याला लागलेला किरकोळ मार हा प्रश्न मुद्दाम विचारावा. दोन-तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला होता, टेंगूळही आलं नव्हतं, सगळे विसरून गेले. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटीखालच्या शिरा ताणल्या जातात आणि हलक्या धक्क्यानेही त्यांतून रक्त झिरपत राहतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. मग हळूहळू डोकेदुखी, सुस्ती, एका पायाची ओढ, वागण्यातला बदल. सीटी स्कॅनमध्ये हे स्पष्ट दिसतं आणि शस्त्रक्रियेनंतर अनेक जण पूर्ववत होतात.

नैराश्य म्हातारपणी रडत नाही. ते चिडचिड, अंगदुखी, ‘भूकच नाही’ आणि ‘मला काही आठवत नाही’ या रूपांत येतं. एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. नैराश्यातला माणूस स्वतःहून विसरण्याची तक्रार करतो आणि प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंश झालेला बहुधा तक्रार करत नाही. तो काहीतरी ठोकून उत्तर देतो आणि तक्रार घरचे करतात. हा नियम पक्का नाही, पण डॉक्टरांना सांगण्याजोगा नक्की आहे. जोडीदार गेल्यानंतर सहा-आठ महिन्यांनीही घराबाहेर न पडणाऱ्या वडिलांना ‘सावरतील हळूहळू’ म्हणून सोडून देऊ नये.

वजन कमी होणं हे या टप्प्यातलं सर्वांत दुर्लक्षित लक्षण. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे साठ किलोच्या माणसात तीन किलो, ही तपासायलाच हवी. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, कर्करोग, नैराश्य अशी कारणं असतात, आणि कधी नुसती सैल झालेली कवळी. वडिलांच्या रक्तात लोहाची कमतरता निघाली, तर फक्त लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका. पुरुषांना, तसंच पाळी थांबलेल्या स्त्रियांना, रक्त कुठून जातंय हे पोट-आतड्याच्या तपासणीने शोधावं लागतं. गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात झालेला व्रण हे त्यातलं एक नेहमीचं कारण.

औषधांची पिशवी

चार डॉक्टर, चार फाइली, आणि कुणीच थांबवलेली नाही अशी एखादी गोळी. माझं मत विचाराल तर, वर सांगितलेली तातडीची लक्षणं सोडली, की वयस्कर माणसाच्या नव्या तक्रारीवर पहिली तपासणी रक्ताची नको, पिशवीची हवी. घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णं आणि झोपेची अर्धी गोळीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओतावीत.

दोन उदाहरणं पुरतील. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाची समजून लघवीची गोळी सुरू होते, तिने सोडियम घसरतं, पोटऱ्यांत वांब येतात, आणि त्यासाठी तिसरी गोळी येते. मूळ गोळी बदलली असती तर बाकीचं सगळं टळलं असतं. दुसरं उदाहरण पित्ताच्या कॅप्सूलचं. आपल्याकडे आम्लता कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड घातलेल्या कॅप्सूल खूप चालतात. हे औषध महिनोन्‌महिने घेतलं तर हात थरथरतात, चाल मंदावते, चेहरा भावहीन होतो, हुबेहूब पार्किन्सन वाटावा असं. चक्करेसाठी घेतलेल्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांनीही हेच होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बंद केल्यावर पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. मनाने मात्र काहीही एकदम थांबवू नये. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर वेगळंच संकट उभं राहतं.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर दंडाला पट्टा बांधणाऱ्या घरच्या रक्तदाब यंत्राने पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने उतरला तर पडण्याचं कारण सापडलं असं समजा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या (टॅम्सुलोसिन, प्राझोसिन) गोळ्या एकत्र चालू असतील तर हे विशेष पाहावं.

वर्षांत झालेला बदल

नाव ऐन वेळी न आठवणं आणि आंघोळ करताना आठवणं, हे वयाचं आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणंही. काळजीची गोष्ट म्हणजे रोजच्या कामाची साखळी तुटणं. चाळीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या आईला डाळ शिजल्यावर पुढे काय, हे सुचत नाही. बँकेचा व्यवहार चोख ठेवणारे वडील एकच लाइट बिल दोनदा भरतात. ओळखीच्या गल्लीत वाट चुकते. एकच प्रश्न दहा मिनिटांत चारदा येतो आणि आधी विचारल्याची जाणीवही नसते. हे वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाढलं असेल, तर स्मृतिभ्रंशाची रीतसर तपासणी करावी. तिच्यात बी-१२, टीएसएच, सोडियम, मेंदूचा स्कॅन आणि स्मरणशक्तीची लेखी-तोंडी चाचणी येते. सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी ३० गुणांची आहे, १९७५ सालची. तिच्यात वाक्य लिहायला आणि आकृती काढायला सांगतात, त्यामुळे शाळेत न गेलेल्या आजीचे गुण आजार नसतानाही कमी येतात. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये झालेल्या अभ्यासासाठी निरक्षरांनाही लागू पडेल अशी हिंदी चाचणी त्यामुळेच तयार करावी लागली. आईचं शिक्षण किती, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

विसरण्याबरोबर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीची घाई असेल, तर मेंदूतलं पाणी वाढण्याचा एक आजारही असतो आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे.

‘आईचं लक्षच नसतं’ या तक्रारीत अनेकदा कान दोषी असतात. वयाने आधी उंच पट्टीतले आवाज जातात, स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं त्यांत येतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ओरडून उपयोग होत नाही, चिडचिड मात्र वाढते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे १४ धोके आहेत, त्यांत बहिरेपण आहे. ऑडिओमेट्रीची तपासणी अर्ध्या तासाची, आणि मळ साठला असेल तर त्याहूनही कमी वेळात प्रश्न मिटतो.

पार्किन्सनमध्ये हात थरथरलाच पाहिजे असं नाही. चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होत जातं, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, आणि याच्या कितीतरी वर्षं आधी वास येणं कमी झालेलं असतं. उंची चार सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घटली असेल, तर मणके दबल्याची शक्यता असते. पाठ दुखली नसली तरीही हाडांची घनता मोजावी.

रिपोर्ट वाचताना

‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं मला पटत नाहीत. साठ-सत्तर तपासण्या केल्या की निरोगी माणसाच्याही तीन-चार आकड्यांखाली रेघ येतेच. लक्षण नसताना केलेल्या ट्यूमर मार्करच्या (रक्तात कर्करोगाची खूण शोधणाऱ्या) चाचण्यांनी तर घर हादरतं आणि सहसा निष्पन्न काही होत नाही.

दुसरीकडे ‘नॉर्मल’ छापलेला आकडाही फसवतो. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.२ आलं. तिशीतल्या पुरुषाचं मूत्रपिंड त्या आकड्याला छान चाललेलं असतं. ऐंशीच्या आईंचा आकडा तोच असेल, तर प्रचलित सूत्राने गाळणक्षमता ४६च्या आसपास निघते, म्हणजे बरीच कमी. वयाने स्नायू कमी होतात, क्रिएटिनिन तिथूनच तयार होतं, म्हणून रक्तातला आकडा वाढलेला दिसत नाही. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे हीच गाळणक्षमता, पाहा. तो तीन महिने ६०च्या खाली राहिला, तर डॉक्टरांना विचारून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद आणि बाकीच्या औषधांचं प्रमाण तपासून घ्यायचं. साखरेबाबत उलटं आहे. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या ऐंशीच्या माणसाचं एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ओढून ६.५वर आणण्यात शहाणपणा नाही. आठच्या आसपास चालतं. साखर कमी होऊन पडणं आणि मांडीचं हाड मोडणं जास्त महागात जातं.

पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून व्हिडिओ कॉलवर आई छान दिसते, कारण ती खुर्चीत बसलेली असते. घरी असणाऱ्याला फोन धरायला सांगा आणि तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. उठताना हातांचा आधार घेते का, वळताना किती पावलं टाकते, हेही दिसतं. हाच व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

आणि दवाखान्यात गेल्यावर आपणच सगळं बोलू नये. प्रश्न बाबांना विचारलेला असतो, उत्तर मुलगा देतो आणि बाबा छताकडे बघत बसतात. आधी त्यांना बोलू द्यावं. ते काय सांगतात आणि काय वगळतात, दोन्ही निदानाच्या कामाचं आहे. विसरण्याच्या, वागण्याच्या गोष्टी त्यांच्यासमोर काढण्याऐवजी चिठ्ठीवर लिहून आधीच आत पाठवाव्यात. मग दोन मिनिटं बाहेर थांबावं. खोकताना लघवी होते हे आई मुलासमोर सांगणार नाही, सुनेसमोर तर नाहीच. त्या लाजेपायी ती पाणी पिणं कमी करते, आणि उन्हाळ्यातल्या त्या चक्करेचं मूळ कधी कधी तिथे असतं.